दह्यात बुडवलेला अमोनाइट

शुक्रवारी सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी राजगोपाल मागच्या खोलीत टेबलावर वाकून एका निवृत्त तहसीलदाराच्या खालच्या कवळीची कड घासत होता. कड घासणाऱ्या हँडपीसची घरघर बंद झाली की शेजारच्या देवघरातून थोरल्या भावाचे मंत्र ऐकू येत. पुन्हा घरघर सुरू झाली की ते बुडत. पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीतल्या या घरात दोघा भावांची सकाळ बऱ्याच वर्षांपासून अशीच उजाडते.

राजगोपालची कुंभकोणम् बस स्टँडजवळ डेंटल लॅब आहे. गावातले दंतवैद्य साचे पाठवतात, तो कवळ्या आणि कॅप करून देतो. दिवसाचे काम लॅबवर चालते, बारीक काम तो घरी आणतो. वय एकावन्न. लग्न केले नाही. कारण विचारले तर "वेळच मिळाला नाही" म्हणतो आणि सुई पुसत राहतो.

सुई म्हणजे त्याचे दुसरे काम. तिरुच्चीच्या एका विद्यापीठात भूशास्त्रावर संशोधन करणारी कीर्ति काही वर्षांपूर्वी तुटलेल्या दाताच्या कॅपचा रंग जुळवून घ्यायला लॅबवर आली होती. राजगोपाल तेव्हा एका साच्यातून केसाएवढी प्लास्टरची रेघ काढत होता. कीर्तिने कॅप बसवून घेतली आणि पुढच्या आठवड्यात ती एक दगड घेऊन आली. दगडात शंख होता. शंखाला धक्का न लावता भोवतीची घट्ट माती काढता येईल का, असे तिने विचारले. राजगोपाल म्हणाला, "हिरडीपेक्षा बरं. हा ओरडणार तरी नाही."

तेव्हापासून अरियलूरच्या चुनखडीच्या खाणींमधून निघालेले जीवाश्म त्याच्या टेबलावर येऊ लागले. कोळ्ळिडम् नदी ओलांडून गेले की तासादीड तासाने या खाणी लागतात. तिथला दगड सिमेंटला जातो. डायनोसॉरांच्या काळात तिथे समुद्र होता आणि त्या समुद्रात अमोनाइट पोहत असत. मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला शंख आणि त्यात माखल्या-नळांचा, म्हणजे स्क्विडचा, कुणी भाऊबंद, असा हा प्राणी. आज एकही अमोनाइट जिवंत नाही.

ते कसे संपले, हे राजगोपालला कीर्तिकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. पृथ्वीवर पाच वेळा असे झाले, की भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी थोड्या अवधीत बहुतेक जाती नाहीशा झाल्या. पहिल्या खेपेला थंडी पडली आणि समुद्र ओसरला. तिसरी खेप सगळ्यांत वाईट होती. सैबेरियात लाव्हा वाहत राहिला, हवा तापली, पाण्यातला प्राणवायू गेला, आणि समुद्रातल्या दहा जातींपैकी जेमतेम एक उरली. अमोनाइट त्यातून निभावले. मोजकीच घराणी वाचली, पण त्यांतून पुन्हा समुद्र भरला. चौथ्या खेपेलाही तसेच झाले. पाचव्या खेपेला मात्र, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, ते सगळे गेले.

राजगोपाल शाळेत विज्ञानात जेमतेम पास झाला होता. हे सगळे त्याने पाठ केलेले नाही. हातातल्या दगडाविषयी माणूस जेवढे विचारतो, तेवढे त्याने विचारले.

या वेळचा दगड मुठीएवढा होता. पाचव्या खेपेच्या किंचित आधीच्या थरातून निघालेला अमोनाइट, आणि त्याचे मूळचे कवच शाबूत. सुईच्या टोकाखालची माती सुटली की आतून शिंपल्यासारखी गुलाबी-हिरवी चकाकी दिसे. कीर्तिला ती चकाकीच हवी होती. कवचाच्या कणांवरून तो प्राणी वाढत असताना समुद्र किती उबदार होता, हे काढता येते. म्हणून तिने बजावले होते, की डिंक, वार्निश, आम्ल, काहीही लावायचे नाही, सुई आणि साधे पाणी एवढेच. राजगोपालने पावसाळाभर त्यावर काम केले. वरची बाजू पूर्ण मोकळी केली. खालची बाजू त्याने मातीतच राहू दिली, म्हणजे दगडाला बैठक राहते आणि कवच तडकत नाही. आपल्या हातून इतके चांगले काम याआधी झालेले नाही, असे त्याला वाटत होते. ते मोठ्याने म्हणायची त्याला सवय नाही.

दगड न्यायला कीर्ति अकरा वाजता येणार होती.

कवळी पाण्यात टाकून राजगोपाल पुढच्या दारी गेला. आदल्या दिवशी दुपारी दगड शेवटचा धुऊन त्याने तिण्णैवर, म्हणजे ओसरीच्या कट्ट्यावर, वाळायला ठेवला होता. मागच्या खोलीत ॲक्रिलिकचा वास कोंडतो, तो कवचाला नको म्हणून. नेसायच्या जुन्या पांढऱ्या वेष्टीच्या तुकड्यात सैल गुंडाळून पितळी तबकात ठेवला आणि तो लॅबवर गेला. रात्री उशिरा परतला तो मागच्या दाराने.

तिण्णैवर तबक नव्हते.

घरात सगळे कुंभकोणम्च्या मराठीत बोलतात. पुण्याहून आलेला एक पाहुणा ती ऐकून म्हणाला होता, की जुनी बखर कुणी मोठ्याने वाचत आहे असे वाटते. राजगोपालने देवघराच्या दारातून हाक मारली.

"अण्णा, तिण्णैवर एक तबक होतें. पांढऱ्या कापडांत."

वैद्यनाथाने घंटा खाली ठेवली. "होतें. आंत आणिलों."

"आंत कुठें?"

"आंत म्हणजे आंत. काल सांजवेळीं पाहिलों. कोण ठेवून गेलें न कळे. दारची बेल तरी दाबावी कीं नाही मनुष्यानें? आतां लोकांस लाज वाटते, दुसरें काय."

राजगोपालला खुलासा लागला नाही. वैद्यनाथ वीज मंडळातून निवृत्त झाला, त्यानंतर त्याच्या देवघरात शाळिग्राम वाढत गेले आहेत. चेन्नईला, सिंगापूरला, अमेरिकेला गेलेल्या नातलगांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले शाळिग्राम असतात. फ्लॅटमध्ये त्यांची रोजची पूजा होत नाही. शाळिग्राम विकायचा नसतो, फेकायचा नसतो, उपाशीही ठेवायचा नसतो. मग कुणीतरी सुचवते, वैद्यनाथाकडे द्या, तो रोज पूजा करतो. काही जण फळे घेऊन येतात, बसतात, रडतात. काही जण पांढऱ्या कापडात गुंडाळून तबकासकट तिण्णैवर ठेवतात आणि ऑटोत बसून निघून जातात. गोविंदपुरम्चे एक कुटुंब घर विकायला निघाले होते, आणि त्यांचा शाळिग्राम कधीही येईल, असे महिनाभर घरात बोलणे चालू होते.

देवघरात चांदीच्या वाटीत, तुळशीच्या पानावर, गंध लावलेला अमोनाइट बसला होता.

"अण्णा, हें काय केलात?"

"काय केलों? पूजा मोडलेला देव. रात्रभर दह्यांत ठेविलों, सकाळीं पंचामृत घातलों. बाबा असेंच करीत होते."

ही त्यांच्या घरची रीत. पूजा खंडित झालेला शाळिग्राम घरात आला, की पहिली रात्र दह्यात. आणि कावेरीकाठच्या उकाड्यात रात्रभर उघडे राहिलेले दही सकाळी जीभ आखडेल इतके आंबट होते.

राजगोपालने भिंग आणले. त्याने आंघोळ केलेली नव्हती, म्हणून तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि वाटी वैद्यनाथाने त्याच्यासमोर धरली. चकाकी गेली होती. वरच्या बाजूचे कवच खडूसारखे पांढरे पडले होते आणि त्यावरच्या नाजूक रेघा, ज्यांच्यामधून त्याने माती एकेक कण करून काढली होती, बोथट झाल्या होत्या. सुई लागली तर तो दोष हाताचा म्हणता येतो. इथे हात कुणाचाच लागला नव्हता.

"हा शाळिग्राम नव्हे," तो म्हणाला. "अरियलूरचा आहे. माझा. म्हणजे, कीर्तिचा."

वैद्यनाथाने दगड वळवून पाहिला. "चक्र आहे कीं."

"चक्र असणारच. शाळिग्रामही हाच प्राणी. तो हिमालयांतला, गंडकीचा. हा इथला."

"मग तूंच म्हणतोस, तोच म्हणून."

स्वयंपाकघरातून भवानी, वैद्यनाथाची बायको, कॉफीचा डबरा-टंबलर घेऊन आली. दोघांकडे पाहिले आणि टंबलर राजगोपालच्या हातात दिला. "आधीं पी. दगड कुठें पळत नाही. साडेसहा कोटी वर्षें थांबलें तें, तुझी कॉफी होईपर्यंत थांबेल."

"वैनी, दगड पळत नाही, पण अण्णा तो देणार नाहीत."

"नाही देणार," वैद्यनाथ म्हणाला. "संकल्प सोडिलों, नैवेद्य दाखविलों. घरीं आलेला देव परत पाठवीत नाहीत. चुकून आला म्हणून पाठवितात काय? तुझा जन्मही चुकूनच झाला, बाबा सांगत होते. पाठविलें काय परत?"

भवानी हसली. राजगोपाल हसला नाही. दगड खराब झाला हे एक आणि दगड हातचा गेला हे दुसरे. दगड हातचा गेला, तर कीर्तिचे पुन्हा टेबलावर काही येणार नव्हते, आणि तिने आणले नाही तर उरलेले आयुष्य तहसीलदारांच्या कवळ्यांत जाणार होते. त्याने बाहेर जाऊन तिला फोन केला आणि जे झाले ते सांगितले. मग कीर्ति तमिळमध्ये म्हणाली, "पुसू नका. धुऊ नका. मी येते."

ती अकराच्या आधीच आली. बत्तीस वर्षांची, सडसडीत, पाठीवर सॅक. वैद्यनाथाने तिला आदराने बसवले, भवानीने कॉफी दिली. पुढचे बोलणे तमिळमध्ये झाले. वाटी वैद्यनाथाने स्वतः आणून जमिनीवर ठेवली आणि जवळ बसून राहिला.

कीर्तिने भिंगातून वरची बाजू पाहिली. "ही गेली," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. मग तिने परवानगी मागून दगड उलटा केला. खाली राजगोपालने ठेवलेली माती जशीच्या तशी होती. दही तिच्या कडेपर्यंत मुरले होते, आत गेले नव्हते. तिने सॅकमधली सुई काढून कडेचा एक पापुद्रा उचलला. खाली गुलाबी-हिरवी रेघ चमकली.

"मातीने वाचवलं," राजगोपाल म्हणाला.

"तुम्ही माती ठेवली म्हणून. पुरेसं आहे. पण दगड मला न्यावा लागेल, सर." हे ती वैद्यनाथाला उद्देशून म्हणाली.

वैद्यनाथाने उलट विचारले, "हे सगळे मेले कशाने?"

कीर्ति टाळाटाळ करणारी बाई नाही. तिने सांगितले, की आरोपी दोन आहेत. मेक्सिकोजवळ आकाशातून एक डोंगराएवढा धोंडा पडला, धुळीने सूर्य झाकला, गंधकाच्या वाफेचा पाऊस झाला, समुद्राचा वरचा थर आंबट झाला. याबद्दल आता फारसा वाद नाही. पण त्याच सुमारास, त्याच्या आधीपासून आणि नंतरही, दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. अर्ध्या पश्चिम भारतावर त्याचे थर चढले, एक पाट तर राजमहेंद्रीपर्यंत गेला. त्या वायूंनी आधीच समुद्र तापवून जीवांना किती दुबळे केले होते, की काहीच केले नव्हते, हे अजून ठरलेले नाही. "हा धोंडा पडण्याच्या आधी जगला. त्या वेळी पाणी तापत होतं का, हे त्याच्या कवचात आहे. म्हणून हा हवा."

"दख्खन म्हणजे कुठे?"

"महाराष्ट्र. तिथला काळा दगड आहे ना, तोच लाव्हा."

वैद्यनाथाने कधी महाराष्ट्र पाहिलेला नाही. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले, एवढे त्याला ठाऊक आहे. तो भवानीकडे वळून मराठीत म्हणाला, "ऐकिलीस? आपल्याच गांवचा दगड."

"मग दुसरा कोण असणार," भवानी म्हणाली. "सासरचेंच काम तें."

कीर्तिला ते का हसताहेत ते कळले नाही. राजगोपालने तिला तमिळमध्ये सांगितले, तेव्हा तीही हसली. मग भवानीने तिला विचारले, सगळेच मेले का, कुणीच उरले नाही? कीर्ति म्हणाली, शंखातच राहणारा एक लांबचा नातलग, नॉटिलस, आजही आहे. अमोनाइटची पिल्ले टाचणीच्या डोक्याएवढी, बहुधा पृष्ठभागाजवळ तरंगणारी. वरचे पाणी बिघडले की आधी तीच जात असावीत. नॉटिलसची अंडी मोठी, खोल पाण्यात. "असा अंदाज आहे," तिने जोडले. "पाहायला कुणी नव्हतं."

बोलणे चांगले चालले होते, आणि दगड तसाच जमिनीवर होता.

शेवटी राजगोपाल उठला. त्याने आंघोळ केली, ओल्या वेष्टीने आत आला आणि स्वयंपाकघरातून अर्धे लिंबू घेतले. दगड ज्या कापडावर वाळत होता, त्याला कवचाचा एक कण चिकटला होता. तो त्याने बशीत ठेवला आणि वर लिंबाचा थेंब पिळला. कण फसफसला. बारीक बुडबुडे आले आणि क्षणात त्या जागी थोडे ओले तेवढे राहिले.

"अण्णा, शाळिग्राम दह्यांत झिजतो काय?"

"न झिजे," वैद्यनाथ म्हणाला. "युगें गेलीं तरी न झिजे. शाळिग्राम ओळखायाची खूणच ती."

"मग हा?"

वैद्यनाथ बशीकडे बघत राहिला. त्याला विज्ञानाचे वावडे नाही. वीज मंडळात त्याने आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर सांभाळले. थेंबाने काय दाखवले, ते त्याला दिसले होते. तरी तो म्हणाला, "एक कण. एका कणानें काय होतें."

दारात उभी असलेली भवानी सहज म्हणाली, "मग बाबांच्या शाळिग्रामावरही एक थेंब घालून पाहा. शंका कशास ठेवायाची?"

राजगोपालच्या हातात अर्धे लिंबू होते. देवघरात, लाकडी संपुष्टात, त्यांच्या खापरपणजोबांपासूनचा शाळिग्राम होता. घरातला सगळ्यांत जुना. त्याचे चक्र आता बोटाला जवळजवळ लागत नाही. रोज हात फिरून फिरून ते गुळगुळीत झाले, असे घरात सगळे मानतात. रोज त्याच्यावर दहीही पडते, हे राजगोपालच्या डोक्यात त्याच क्षणी आले. वैद्यनाथाच्याही आले असावे, कारण त्याने संपुष्टाकडे पाहिले आणि मग लिंबाकडे.

त्याने कीर्तिला तमिळमध्ये विचारले, "काळ्या शाळिग्रामातही चुना असतो?"

"काहींत असतो, काहींत नसतो," कीर्ति म्हणाली. "पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

वैद्यनाथ उठला. संपुष्टाचे झाकण लावले, त्यावर रेशमी फडके घातले. मग परत येऊन खाली बसला.

"लिंबू ठेव," तो भावाला म्हणाला.

राजगोपालने लिंबू बशीत ठेवले.

"हा घेऊन जा," तो कीर्तिला म्हणाला.

त्याने स्वतःच्या हाताने अमोनाइटवरचे गंध कोरड्या कापसाने टिपले. कीर्तिने पुसू नका म्हटले होते, पण आता तिने ते होऊ दिले. तुळशीचे पान त्याने काढून वाटीत ठेवले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटले. दगड त्याने तिच्या हाती दिला नाही, भावाच्या हाती दिला. राजगोपालने तिला दिला.

"याचं काय करणार?" वैद्यनाथाने विचारले.

"खालच्या बाजूचा एक काप करणार. बाकीचा कपाटात, क्रमांक घालून."

"काप," तो म्हणाला. मग म्हणाला, "कुठल्या दिवशी ते मला सांगू नका."

तिने मान डोलावली. दगड फोमच्या डब्यात गेला, डबा सॅकमध्ये. भवानीने तिला जेवून जायचा आग्रह केला, पण तिला तंजावरमार्गे तिरुच्चीला जाणारी गाडी गाठायची होती. राजगोपाल तिला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. ऑटो येईपर्यंत दोघे तळ्याच्या कठड्याशी उभे राहिले.

"वरच्या बाजूचं माझ्याकडून गेलं," तो म्हणाला. "तिण्णैवर ठेवायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. तिने समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "खाणीवर आमचे विद्यार्थी आहेत. त्यांना आणखी एक पेटी भरायला सांगितलं होतं. काल रात्री भरली."

राजगोपाल तिच्याकडे वळला.

"ती उद्याच्या बसने येईल. घरी नाही," कीर्ति म्हणाली. "लॅबवर. आणि लॅबवरच राहील."

"लॅबवर," तो म्हणाला.

ऑटो आली. तो घरी परतला, तेव्हा वैद्यनाथ जेवून पडला होता आणि भवानी चांदीची वाटी राखेने घासत होती. त्याने मागच्या खोलीत जाऊन सुया, दोन भिंगे आणि उशीसारखी वाळूची पिशवी एका थैलीत भरली. तहसीलदाराची कवळी पुसून डबीत घातली. थैली आणि डबी घेऊन तो लॅबवर गेला, आणि खिडकीकडचे टेबल, ज्यावर जुने साचे रचलेले होते, त्याने संध्याकाळपर्यंत मोकळे केले.

उद्या शनिवार. लॅब दुपारी दोनला बंद होते, आणि पेटी आणणारी अरियलूरची बस कुंभकोणम् स्टँडवर साडेबाराला लागते.